अपिलाला आलेल्या दोघी

त्या दोघी मला पहिल्यांदा भेटल्या त्या नाशिकच्या जिल्हा कोर्टात, कॅन्टीनच्या भिंतीला टेकून बसलेल्या. सून विशीतली, सासू पन्नाशीच्या आसपासची. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून पहाटेची एसटी पकडून आल्या होत्या. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मला वकिलीची सनद मिळून फार दिवस झाले नव्हते आणि बलात्काराच्या केसमध्ये काम करायची ही माझी पहिलीच वेळ.

मला बोलावलं होतं सरकारी वकिलांनी. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे गृहस्थ. "तू बस जरा तिच्याशी," ते म्हणाले. "मला बघितलं की ती जमिनीकडे बघते. साक्ष अशी व्हायची नाही."

मी त्या दोघींजवळ जाऊन बसले. सुरुवात सासूनंच केली. "चहा घ्याल का, बाई?" मी घेतला. चहा संपेपर्यंत आम्ही तिघी एसटीच्या वेळांबद्दल बोललो.

घडलं होतं ते असं. त्या दोघी दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत हंगामी कामाला आल्या होत्या. द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, त्याला तिकडे डिपिंग म्हणतात. सुनेचा नवरा इगतपुरीकडे धरणाच्या कामावर. मजूर आणणारा, त्यांना जागा देणारा, आजारपणाला दवाखान्यात नेणारा मुकादम एकच. बाजाराच्या दिवशी बाकीची माणसं बाजाराला गेली आणि मुकादमानं सुनेला बादल्या काढायला म्हणून शेडमध्ये बोलावलं. सासू बाजारातून परतली तेव्हा सून चुलीपाशी बसली होती, पण चूल पेटवलेली नव्हती. सासूनं विचारलं, तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासू तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेली.

पुरावा म्हणून फारसं काही नव्हतं. अंगावर ठळक जखमा नव्हत्या. डॉक्टरांनी अहवालात मोघम लिहिलं होतं. शेडमध्ये पाहणारं कुणी नव्हतं. केस उभी होती ती तिच्या शब्दावर आणि तिनं ज्या पहिल्या माणसाला सांगितलं त्या सासूच्या शब्दावर.

"बास होईल का एवढं?" मी सरकारी वकिलांना विचारलं.

"बाई खरं बोलते असं न्यायाधीश साहेबांना वाटलं तर एकटीची साक्षही पुरते. कायदा तसा आहे. प्रश्न वाटण्याचा आहे," ते म्हणाले.

सुनेची साक्ष बंद दाराआड झाली. मी सरकारी वकिलांच्या मागे बसले होते. सुरुवातीला तिचा आवाज इतका बारीक येत होता, की टाइप करणारा पुन्हा पुन्हा वर बघायचा. आरोपीचे वकील तिच्याशी आवाज न चढवता बोलत होते, आणि तेच जास्त जड जात होतं. तू मजुरीवरून भांडलीस म्हणून ही खोटी केस केलीस. तो तर त्या दिवशी मनमाडला होता. मग तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल एक-दोन प्रश्न आले. तसं विचारायला तेव्हा कायद्यात आडकाठी नव्हती. साहेबांनी मात्र दुसऱ्या प्रश्नाला हात वर केला. "पुढे चला."

वकील पुढे गेले. "बाजूच्या बागेत माणसं काम करत होती ना? मग तू ओरडली का नाहीस?"

ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "मुकादमच सांगायचा, काही झालं तर मला हाक मारा. मग हाक कुनाला मारू?"

सरकारी वकील उठले आणि हा प्रश्न आणि हे उत्तर जसंच्या तसं, तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावं अशी त्यांनी विनंती केली. साहेबांनी मान डोलावली. टाइपरायटरचा आवाज सुरू झाला.

सासूची साक्ष दुपारी झाली. तिला वकिलांनी विचारलं, "तुम्ही घराण्याची अब्रू राखायला सुनेची बाजू घेता, असंच ना?"

सासू त्यांच्याकडे जरा नवलानं बघत राहिली. "सासू कदी सुनेची बाजू उगा घेती का, साहेब?"

साहेबांनी हसू लपवायला फाइल तोंडासमोर धरली. सरकारी वकिलांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

नवऱ्याबद्दल मला नंतर कळलं. तो धरणावरून आला, दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सासूनं त्याला सांगितलं, "तुला नांदवायची नसंल तर तू जा. ही माझ्याकडं राहील." तो कुठेही गेला नाही. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत असल्यासारखा एका बाजूला उभा होता. मुकादमाला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. सासूनं पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. काही महिन्यांनी सरकारी वकिलांनी मला त्यांच्या टेबलापाशी बोलावलं. मुकादमानं मुंबईला हायकोर्टात अपील केलं होतं आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याला जामीन मिळाला होता. "तिला कळवायची तशी काही पद्धत नाही," ते म्हणाले. "पण कुणीतरी सांगायला हवं."

मी पेठची गाडी पकडली. त्यांच्या घरी पोचले तर सासू अंगणात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"तो हाय बाहेर," ती म्हणाली. "बाजारात दिसला. तुमी तर सात वर्षं म्हनल्या होत्या."

मी ओट्यावर बसले आणि अपील म्हणजे काय ते सांगू लागले. खालच्या कोर्टानं बरोबर केलं का, हे वरचं कोर्ट तपासतं. जुनीच साक्ष वाचतात, नव्यानं कुणाला बोलावत नाहीत. सून दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हंजे माजं खरं का खोटं, ते परत ठरवनार?" तिनं विचारलं.

"हो."

"मला न विचारता?"

"हो. तू बोललीस ते सगळं लिहिलेलं आहे. तेच वाचतील."

"मग त्याला कशाला हा हक्क?"

याचं उत्तर मला द्यावंच लागलं. मी म्हटलं, "हा हक्क सगळ्यांना असतो. कोर्टातही माणसंच बसलेली असतात. चुकून कुणी निर्दोष आत जाऊ नये म्हणून वरचा दरवाजा उघडा ठेवलेला असतो. उद्या तुझ्या घरच्या कुणाला लागला, तर त्यालाही तो हवाच."

तिनं विचार केला. पटलं असं म्हणाली नाही, पण आत जाऊन माझ्यासाठी भात आणि उडदाचं भुजं, म्हणजे तिकडची आमटी, घेऊन आली. बाजारात तो पुन्हा दिसला तर काय करायचं, हे आम्ही जेवताना ठरवलं. त्यानं काही त्रास दिला तर तो जामीन रद्द करायला सांगता येतो, असं मी म्हटलं. सासू म्हणाली, "त्रास तो काय देतो? मला बघून त्योच गल्ली बदलतो."

अपील पडून राहिलं. मधल्या वर्षांत माझं लग्न झालं, कोर्टात माझं स्वतःचं टेबल झालं, सरकारी वकील निवृत्त झाले. सुनेला मुलगी झाली, मग मुलगा. बाईच्या पूर्वायुष्यावरून तिला खोटं ठरवायची वकिलांची मुभा कायद्यानं काढून घेतली, तेव्हा मला तो हात वर करणारा न्यायाधीश आठवला. कोर्टात मला लोक विचारायचे, अशाच केसेस का घेतेस? आईसुद्धा विचारायची. मला वाटायचं, द्राक्षबागेची ही केस नसती तर मी दस्त नोंदवत बसले असते आणि तेही काही वाईट नव्हतं. पण मला हे आवडायला लागलं होतं. एखादी बाई माझ्यासमोर बसून हळूहळू बोलती होते, त्यासारखं समाधान मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं नाही.

शेवटी एका पावसाळ्यात अपील सुनावणीला लागलं. मुंबईच्या सरकारी वकील बाईंना मदत करायची परवानगी मला मिळाली. मी पेठला निरोप धाडला आणि त्या दोघी आदल्या दिवशीच माझ्या घरी हजर झाल्या.

"तिथे तुला कुणी काही विचारणार नाही," मी सुनेला म्हटलं.

"नाय विचारलं तरी चालंल. माजं बोलनं वाचनार ना? मला ऐकायचंय."

सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं आम्ही निघालो. इगतपुरीला गाडी थांबली तेव्हा सासूनं खिडकीतून वडे घेतले आणि घाट उतरेपर्यंत ती मुलगा कुठल्या धरणावर होता ते बोटानं दाखवायचा प्रयत्न करत राहिली. धरण काही दिसलं नाही.

हायकोर्टात आम्ही मागच्या बाकावर बसलो, आणि पुकारा झाला तशी मी पुढे गेले. मध्ये दोन वेळा उठून मी त्यांच्यापाशी गेले, कारण तिथलं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. अपिलाचे वकील नवे होते, नामांकित, अतिशय सभ्य. त्यांनी मांडलं ते असं : जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, तक्रार दुसऱ्या दिवशी. तेव्हा जे झालं ते संमतीनं झालं.

"काय म्हनतात?" तिनं विचारलं.

"म्हणतात, तुझी राजीखुशी होती."

"खाली तर तो म्हनला, मी मनमाडला होतो."

"तेच आता आमच्या बाई सांगणार आहेत," मी म्हटलं आणि परत पुढे गेले.

पण न्यायमूर्तींनीच आधी विचारलं. खालच्या कोर्टात तुमचा अशील बागेत नव्हताच, इथे म्हणता तो होता आणि बाईची संमती होती. यातलं आम्ही काय धरायचं? वकील म्हणाले, दोन्ही बाजू मांडायची कायद्यात मुभा आहे. "मुभा आहे," न्यायमूर्ती म्हणाले, "पण विश्वास आम्हाला एकीवरच ठेवता येईल."

मग सरकारी वकील बाई उभ्या राहिल्या. सासूची साक्ष, तक्रारीला रात्र का गेली, बागेतून पोलीस ठाणं किती दूर, सगळं त्यांनी सावकाश मांडलं. ओरडण्याच्या मुद्द्याशी त्या आल्या तेव्हा त्यांनी इंग्रजी भाषांतर वाचलं. ते अगदी कोरडं वाटत होतं. न्यायमूर्तींनी त्यांना थांबवलं. "मूळ मराठी आहे का?"

मी फाइल उघडून पान त्यांच्यापर्यंत पोचवलं. त्यांनी आधी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, तिच्या उच्चारांसकट. "मुकादमच सांगायचा, काही झालं तर मला हाक मारा. मग हाक कुनाला मारू?"

मी मागे वळून पाहिलं. ती ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. इतकी वर्षं मी तिला पाहत होते, पण तिचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. सासूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. न्यायमूर्तींनी अपिलाच्या वकिलांना विचारलं, "याला तुमचं काय उत्तर आहे?" वकिलांनी पुन्हा जखमांचा मुद्दा सांगितला. न्यायमूर्तींनी तो लिहून घेतला. बाई घाबरून गप्प राहिली म्हणजे तिनं हो म्हटलं असं होत नाही, एवढंच ते म्हणाले, आणि निकाल राखून ठेवला.

परतीच्या गाडीत सासू लगेच झोपली. सून जागी होती.

"त्यांनी माज्यासारखंच वाचलं," ती म्हणाली.

"हो."

"निकाल काय बी लागू दे. मला ऐकू आलं."

मी मात्र तेवढ्यावर समाधानी नव्हते. आठवडाभर मला नीट जेवण गेलं नाही. मग मुंबईहून फोन आला. अपील फेटाळलं होतं. शिक्षा कायम, मुकादमानं हजर व्हायचं. आणि तो झालाही.

त्यांच्या पाड्यावर तेव्हा फोन नव्हता. मी पुन्हा पेठची गाडी पकडली. पाऊस चांगला लागून राहिला होता आणि खाचरांमध्ये भाताची आवणी चालू होती. रोपं लावत दोघी वाकलेल्या, डोक्यावर पावसासाठी पानांची इरली. नवरा पलीकडच्या बांधावर रोपांच्या मुठी फेकत होता आणि दोन्ही पोरं चिखलात माखलेली. मी बांधावरूनच ओरडून सांगितलं. सून उभी राहिली. हातातली मूठ तशीच. मग तिनं नवऱ्याकडे बघून काहीतरी सांगितलं. तो हसला आणि आकाशाकडे बघत उगाचच म्हणाला, "पाऊस बी बरा हाय."

"मग वरच थांबता का उतरता?" सासूनं मला विचारलं.

मी चपला काढल्या, साडी खोचली आणि उतरले. गार चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. मला रोपं लावता येत नव्हती. माझी ओळ वाकडी गेली, पोरगी ती बघून खिदळायला लागली आणि सासूनं माझी दोन रोपं उपटून पुन्हा नीट लावली. दुपारपर्यंत एक खाचर भरलं, मग आम्ही सगळ्यांनी झाडाखाली बसून नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. संध्याकाळची एसटी चुकली, आणि मी तिथेच राहिले.