दोन मुलींनंतरचं पोट

केडगावातली माझी शेजारीण बोलण्याआधी ओढणी पोटावर ओढते. दोन मुलींनंतर पोट सुटलंय. "बाळंतपनात पोट बांधून घेतलं न्हाई हिनं," हे सासूचं पालुपद. हळदीकुंकवाला बायका विचारतात, "गोड बातमी का?"

"व्हय, तीन वर्षं झाली, अजून यायचीय," ती सांगते.

शेवटी सासूच लाजून तिला प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. मी आमच्या घराण्यातली पहिली बीए, डॉक्टरांचं बोलणं मला समजेल म्हणून शेजारणीनं मलाही नेलं.

डॉक्टर म्हणाले, "आणखी मूल हवं असेल तर ऑपरेशन आत्ता नको."

"मग थांबू की. नातू होऊ द्या," सासू म्हणाली.

शेजारणीनं ओढणी सोडली. "आमची मुलं झाली, डॉक्टर. तारीख द्या."

माझ्या बीएची गरजच पडली नाही. बाहेर येताच सासू तिला म्हणाली, "तसं पोट काय लई दिसत न्हाई गं तुझं."