मंदाग्नीचा वैद्य

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे अमरावतीत लोकांची पोटं बिघडली. हा संबंध मला लावता येतो, कारण मी वैद्य होतो आणि त्या लढाईवर माझंही पोट सुटलं. विलायतेला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की कालपर्यंत जवसाच्या चटणीशी भाकर खाणारा माणूस रोज तुपात बुडवलेली पुरणपोळी खाऊ लागला. महिनाभरानं तोच माणूस पोट धरून माझ्या ओसरीवर येऊन बसायचा.

आजार एकच, मंदाग्नी. आपल्या शास्त्रात पोटातल्या अग्नीला फार मान आहे. अन्न आत शिजतं, तिथली चूल मंद असली आणि वर नुसता मारा चालू ठेवला तर ते अर्धंकच्चं राहतं. त्याला आम म्हणतात, आणि हा आम सगळ्या दुखण्यांचा बाप. त्यावर पहिला उपाय लंघन, म्हणजे तोंड बंद ठेवा, गरम पाणी प्या, चूल मोकळी होऊ द्या. मग जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर हिंग्वाष्टक चूर्ण. शास्त्र खरं आहे, माझी त्यावर आजही श्रद्धा आहे. वैद्य तेवढा बयताड, खुळा होता.

काम इतकं सोपं झालं की नाडीवर बोट ठेवायचीही गरज उरली नाही. रोगी उंबऱ्यात दिसला की मी बसल्या जागेवरून ओरडायचो, "मंदाग्नी! दोन दिवस लंघन!" ते खरंच निघायचं, आणि लोक म्हणायचे, काय गुण आहे महाराजांच्या हाताला! मलाही तसंच वाटायचं.

बरा झालेला रोगी मग मलाच जेवायला बोलवायचा. बाळापूर, दर्यापूर, अकोला, कुठून कुठून गाड्या यायच्या. पंगतीत मी सगळ्यांना ऐकू जाईल असा उपदेश करायचो, की बाबांनो, पोटाचे चार भाग करावे, दोन अन्नाला, एक पाण्याला, आणि एक वाऱ्याला मोकळा सोडावा. हे सांगता सांगता वाऱ्याच्या भागातही मी वडे भरत असे. एकदा अकोल्याला यजमानानं हात जोडले, शपथ घातली, आणि मी अकरावी पुरणपोळी खाल्ली. परतीच्या वाटेवर गाडीत आडवा पडलो होतो. चाक खड्ड्यात गेलं की माझ्या तोंडून रामाचं नाव निघायचं, आणि गाडीवान समजला महाराज जप करून राहिले.

घरी आलो की चोरून चूर्ण खायचो. बायको विचारायची, "हा डबा रोग्यांसाठी आहे का तुमच्यासाठी?" मी म्हणायचो, औषध आधी स्वतःवर तपासावं लागतं. ती डब्याचं झाकण आपटून लावायची.

ते चूर्ण कुटायला एक बाई यायची. पन्नाशीची, विधवा, गावाच्या टोकाला एका खोपटात एकटी राहणारी. सुंठ, मिरे, जिरं, भाजलेला हिंग. तो वास घेतला तरी मेलेल्या माणसाला भूक लागेल असा, आणि ती दिवसभर त्या वासात मुसळ चालवायची. तिला त्यानं काय होत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्या डोक्यात त्या वर्षी काहीच येत नव्हतं, सगळं पोटात जात होतं.

एका सकाळी तिच्या हातातून मुसळ सुटलं आणि ती उखळाशेजारीच बसली. म्हणाली, "पोटात आग पडून राह्यली, महाराज. डोयापुढं अंधारी येते."

मी उठलो नाही. आदल्या दिवशीच्या पंगतीनं माझंच अंग जड होतं. तिथूनच तिला जीभ दाखवायला सांगितली. जीभ पांढरी दिसली. म्हटलं, "आम साचलाय. मंदाग्नी. दोन दिवस लंघन, नुसतं गरम पाणी."

तिनं पडलेलं मुसळ उचलून जागेवर ठेवलं. मग "बरं, महाराज" म्हणाली आणि भिंतीला धरून धरून घरी गेली.

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. बायको म्हणाली, जाऊन पाहून या. ओसरीवर दोन मोठे रोगी ढेकर देत बसले होते, म्हणून मी कुरकुरतच गेलो.

ती गोधडीवर पडली होती. तिला उठून बसवेना. मी पहिल्यांदा तिच्या पोटाला हात लावला. फुगलेली, ताठलेली पोटं माझ्या हाताला सवयीची होती. हे पोट पाठीला जाऊन लागलं होतं.

"काय जेवली होतीस?" मी विचारलं.

"कवा?"

"मी लंघन सांगितलं, त्या दिवशी."

तिनं आठवून पाहिलं. "त्या दिवशी काई नाई. त्याच्या आदल्या दिवशी एक कांदा होता."

कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. मी एकेक मडकं उतरवून पाहिलं. सगळी रिकामी होती, आणि घासून पुसून ठेवलेली होती. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. ही बाई मरेल, आणि ती भुकेनं नाही, माझ्या औषधानं मरेल. मी धोतर सावरत भर बाजारातून पळालो. त्या पोटासकट मी पळू शकतो हे लोकांना तेव्हा कळलं, आणि मलाही.

घरात शिरता शिरताच बायकोला त्या बाईची दशा सांगितली. कालचे लाडू होते. त्यातले दोन उचलले तोच बायको आडवी आली. "अहो वैद्य! विझत आलेल्या चुलीवर लाकडं रचता? वीस वर्षं तुमच्या ओसरीवरचं मी इथून ऐकते आहे. आधी पेजेचं पाणी द्यायचं असतं." जुने तांदूळ तिनं तोवर धुवायलाही घेतले होते. तांदूळ धुता धुताच तिनं मला सगळं ऐकवलं. पूर्वी आम्ही त्या बाईला कामाची ज्वारी द्यायचो, आमच्याच वावरातली. मग मी त्या वावरात कपाशी लावली, घरात ज्वारी यायची थांबली आणि तिच्या हातावर पैसे पडू लागले. साऱ्या वऱ्हाडानं तेच केलं होतं. बाजारात ज्वारी अशी कडाडली की त्या पैशांत मूठभर यायची. "मी तेव्हाच बोलले होते," बायको म्हणाली. "तुम्ही पाटावर बसून हसला होता." मला तेही आठवत नव्हतं.

पहिल्या दिवशी पेजेचं वरचं पाणी दिलं, सुंठ आणि सैंधव घालून. दोन चमचे पोटात गेले आणि उलटून पडले. मी पुन्हा दिले. अकोल्याहून एक गाडी मला न्यायला आली होती, ती परत पाठवली आणि त्या बाईच्या खोपटातच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पाणी टिकलं. मग पातळ पेज, मग दाट पेज, मग मऊ भात. गडू घेऊन मी रोज जायचो. लोक विचारायचे, कोण मोठी असामी आजारी पडली, महाराज? मी मान खाली घालून पुढं जायचो.

सहाव्या दिवशी सकाळी ती भिंतीला टेकून बसलेली दिसली. मला पाहून म्हणाली, "महाराज, भूक लागली."

शास्त्राप्रमाणं हीच बरं झाल्याची खूण. रडू येईल इतका आनंद झाला मला, आणि आनंदात मी पुन्हा होतो तसाच वैद्य झालो. म्हटलं, "पाहिलंस? तुझा अग्नी पेटला!"

"अग्नी कवाच इझला नोता, महाराज," ती म्हणाली. "घरात जवारी नोती."