चार पावलं मागे

बेलापुरात कुणाचंही लग्न असो, फोटो काढायला एकच फोटोग्राफर असतो. बुटका, खिशात बडीशेप, आणि सारखा मागे मागे सरणारा. जुन्या कॅमेऱ्यात सगळी माणसं मावायची नाहीत, म्हणून मागे सरता सरता एकदा तो आचाऱ्याच्या ताकाच्या पिंपावर आदळला होता.

यंदा त्याने फुल फ्रेम कॅमेरा घेतला. "सर, लेन्स जुनीच हाय, पन आता लई मावतं," तो मला म्हणाला. त्याच्या पायांना मात्र हे अजून कळलेलं नाही. सवयीने तो चार पावलं मागे जातो, फोटोत कडेच्या खुर्च्या नि पिंपं येतात, मग पुटपुटत पुन्हा चार पावलं पुढे येतो.

माझ्या पुतणीच्या लग्नात, घरच्या सगळ्यांच्या फोटोच्या वेळीही तो असाच मागे गेला. वहिनी, म्हणजे नवरीची आई, कडेला मांडवाच्या खांबापाशी एकट्याच उभ्या होत्या. दादा गेल्यापासून त्या अशा फोटोत येत नाहीत, कितीही बोलावलं तरी. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. आता तो पुढे येईल म्हणून मी वाट पाहिली. तो जागचा हलला नाही.

"अहो, पुढे सरा की," व्याही म्हणाले.

"सवय हाय मागं जायाची," तो म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.

अल्बम आला तेव्हा वहिनी त्या पानावर थांबल्या. "मी कशी आले यात?"

"कॅमेरा नवा आहे त्याचा," मी म्हणालो. "अजून हात बसला नाही."