दोरी तक्त्यांसाठी बांधली होती

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. स्थळ: हसनाबाद, आमचं अंगण. हजर: मी, माझी धाकटी जाऊ, तिची नवी सून, उपकेंद्राच्या सिस्टर, शेजारच्या काकू आणि गल्लीतल्या चाळीसेक सासवा-सुना. न बोलावता हजर: आमच्या विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, तीर्थपुरीहून, सोबत जीपभर बायका. गैरहजर: माझा पुतण्या, म्हणजे सुनेचा नवरा. तो गच्चीवर होता हे नंतर कळलं.

घरातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं मी असं टिपून ठेवते. घरातले हसतात, पण लग्नात पत्रावळी कमी पडल्या की माझ्याच मागे धावतात.

हा कार्यक्रम ठरला तो चकल्यांमुळे. दिवाळीत मी आणि सून चुलीपाशी बसलो होतो. ती जालन्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. अठरा पूर्ण होताच लग्न झालं, कोर्स मात्र सोडायचा नाही अशी तिनं लग्नाआधीच अट घातली होती. ती एकदम म्हणाली, "मोठ्या आई, एक सांगू का? रागवू नका."

"चकली जळाली तर रागवीन. बोल."

"आम्ही दोघांनी ठरवलंय. कोर्स होईपर्यंत बाळ नको. वसतिगृहात माझ्या खोलीतली एक मुलगी गरोदर राहिली न् घरी गेली, ती परत आलीच नाही. पण आत्याबाईंना कोण सांगणार?"

प्रश्न बरोबर होता. आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी जाऊ. ती दर महिन्याला सुनेकडे आशेनं बघायची. एकदा पोरीला शिळी भाजी बाधली आणि उलटी झाली, तर जावेनं लगेच देवापुढे साखर ठेवली. दोन दिवसांनी ती साखर मुंग्यांनी नेली. तेव्हापासून सून मळमळलं तरी तोंड दाबून न्हाणीत पळायची. पुतण्याला तूच आईला सांग म्हटलं तर त्याचं उत्तर ठरलेलं: "मोठ्या आई, तुम्हीच बोला ना. मला ट्रॅक्टर घेऊन जायचंय."

मी सिस्टरांना गाठलं. त्या दर काही महिन्यांनी उपकेंद्रात सासू-सुनांचा मेळावा घ्यायच्या आणि चार-पाच जणी यायच्या. मी म्हटलं, "आमच्या अंगणात घ्या. मी जेवायला घालते. मग बघा कोण येत नाही." माझा हिशेब साधा होता. घरात जे कुणाला बोलता येत नाही ते सिस्टर सगळ्यांसमोर बोलतील. जाऊ चाळीस जणींत बसून ऐकेल. कुणाचाच मान जाणार नाही.

सिस्टरांची मागणी एकच होती: तक्ते टांगायला मजबूत दोरी. सकाळी पुतण्यानं ती अंगणातल्या कडुलिंबाच्या आडव्या फांदीवरून टाकली, दोन्ही टोकं खाली लोंबकळत ठेवली आणि चहा प्यायला निघून गेला.

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून तीन गोष्टी पाहिल्या: लिंबाला झोक्यासारखी दोरी, चुलवणावर येसराच्या आमटीचं मोठं पातेलं आणि पायरीवर आळस देणारी नवी सून. काकूंची भाची तीर्थपुरीत, विहीणबाईंच्याच गल्लीत राहते. तिला फोन गेला आणि मी कांदे चिरेपर्यंत तिथे डोहाळजेवण ठरलं होतं.

इकडे मला काहीच पत्ता नाही. दुपारी दोरी नीट आडवी बांधली, तक्ते चिमटे लावून टांगले, बायका बसल्या. सिस्टर गर्भाशयाच्या चित्रावर काठी ठेवून सांगत होत्या, "विशीच्या आत पोरीचं स्वतःचंच अंग अजून भरत असतं. त्यात दोन जिवांचं खायला घालायचं कुठून? रक्त कमी पडतं, बीपी वाढतं, लेकरू वजनानं कमी येतं. म्हणून पहिलं बाळ..."

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला.

विहीणबाई उतरल्या त्या हिरवी साडी छातीशी धरूनच. मागोमाग हिरवा चुडा, फुलांची वाडी, बर्फी, पेढे आणि झेंडूनं सजवलेली झोक्याची पाटी. त्यांनी आल्या आल्या माझ्या जावेला मिठी मारली.

"विहीणबाई, आम्हाला का न्हाई कळवलं? लोकांकडून कळायचं का आम्हाला?"

जावेला काय चाललंय ते कळलं नाही, पण मिठी मिळाल्यावर तीही रडायला लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, तुला ठावं होतं? मला कोणीच काही सांगून न्हाई राह्यलं!"

तोवर तीर्थपुरीच्या बायकांनी दोरीवरचे तक्ते भराभर काढले, दोरी सोडून पाटी टांगली आणि सुनेला उचलून झोक्यावर बसवलं. सिस्टर हातात काठी घेऊन तशाच उभ्या. कुणीतरी त्यांच्याही केसांत गजरा माळला. गर्भाशयाच्या चित्राची घडी करून कुणीतरी त्याच्यावर पेढ्याचा पुडा ठेवला.

"कितवा गं?" विहीणबाईंनी लेकीला हळूच विचारलं. हळूच म्हणजे सगळ्या अंगणाला ऐकू जाईल इतकं.

"कितवाच न्हाई, आई," सून म्हणाली. कपाळावर फुलांची बिंदी, डोळ्यांत पाणी. "मला दिवस न्हाई गेलेत. आणि कोर्स होईपर्यंत जाऊपण द्यायचे न्हाईत. आम्ही ठरवलंय."

बायकांचे हात होते तिथेच थांबले. झोका मात्र आपला हलतच राहिला, कारण दोन बायका झोका द्यायच्या थांबल्याच नव्हत्या.

मी जावेकडे बघितलं. तिचं तोंड आंबट झालेलं. चाळीस घरांसमोर, वर विहिणीसमोर. आता काहीतरी फुटणार असं वाटलं आणि नेमक्या त्याच वेळी विहीणबाई डोक्याला हात लावून म्हणाल्या, "मंग हा दोन किलो पेढा कोण खाणार?"

पहिल्यांदा सिस्टर हसल्या. मग शेजारच्या काकू भिंतीमागे हसल्या आणि सापडल्या. मग जे हसू सुटलं ते थांबेचना. एक म्हातारी तर हसताना मागच्या मागे तुळशीवर टेकली.

जाऊ हसली नाही. ती झोक्याजवळ गेली, दोरी धरून झोका थांबवला.

"मला हा सतराव्या वर्षी झाला," ती म्हणाली. हा म्हणजे पुतण्या. "बांधावर झोळीत टाकून मी पोरींसोबत चिंचोके खेळाया गेल्ते. खेळात इसरूनच गेले की मला लेकरू हाय. सासूनं आणून मांडीवर दिलं तव्हा मी इचारलं, हे कोणाचं?"

परत हशा. पण या वेळी तिचे डोळे ओले होते. ते बघून विहीणबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "माझंबी तसंच, विहीणबाई. ही पोटात होती तव्हा मी रडायची ते जत्रेत जाऊ देत न्हाईत म्हणून."

जावेनं पदरानं नाक पुसलं. "आणलीच हाय तर नेसवा तिला साडी. पोरीला कोर्साचे डोहाळे लागलेत म्हणायचं."

मग काय, सगळं यथासांग झालं. चुडा भरला, ओटी भरली. शेवटी झाकलेल्या दोन वाट्या आल्या. रिवाज असा की बर्फी निघाली तर मुलगी, पेढा निघाला तर मुलगा. सिस्टरांनी दोन्हींतलं सामान गुपचूप बदललं होतं. सुनेनं झाकण काढलं, तर आत गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट. दुसरीत बायकांना दाखवायला आणलेली नमुन्याची तांबी. बायका किंचाळल्या.

"याचा अरथ काय गं, सिस्टर?" जावेनं गंभीरपणे विचारलं.

"वाटीतून निघालं ते घ्यायचं असं नसतं, मावशी. गोळी हाय, तीन महिन्यांचं इंजेक्शन हाय, तांबी हाय, निरोध हाय. सोमवारी दोघांनी केंद्रात यायचं. तपासून, विचारून, तिला सोसंल ते तिनंच ठरवायचं."

"दोघांनी" ऐकून गच्चीवर काहीतरी सांडलं. तेव्हा कळलं पुतण्या कुठे आहे.

मग सिस्टरांनी राहिलेला भाग सांगितला, पेढा खात खात, झोक्यावर बसून. एवढ्या बायका एवढं मन लावून ऐकताना मी आजवर पाहिल्या नव्हत्या. जाताना तीन सासवांनी सिस्टरांना बाजूला घेतलं. काय विचारलं ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं.

सोमवारी सून केंद्रात गेली. जाऊ सोबत गेली. पुतण्या अर्ध्या रस्त्यातून ट्रॅक्टरचं निमित्त काढून परत फिरला, मग जावेनं त्याला दंडाला धरून केंद्रात नेलं. सून आता जालन्याच्या वसतिगृहात आहे, दर रविवारी फोन करते. जाऊ पहिला प्रश्न विचारते, "पेपर कधी हाय?"

आवरायच्या कामांवर मी एकेक खूण करत गेले. पातेलं परत केलं. पाटी तीर्थपुरीला पोचवली. तक्ते सिस्टरांकडे दिले, एकावर तुपाचा डाग आहे, त्याला इलाज नाही. दोरी मात्र लिंबालाच ठेवली आहे, कारण त्याच दोरीवर तक्ते लावून पुतण्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या टोळीची बैठक घ्यायची आहे. त्यातल्या दोघांची लग्नं माघात आहेत. सिस्टर तयार आहेत, जेवण मी घालणार आहे. दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा अख्ख्या टोळीचे ट्रॅक्टर बिघडले.

पुरुषांची बैठक: बाकी.