रांग मोकळी करणारे रतिलालसर

रतिलालसरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. शहाद्याच्या आमच्या महाविद्यालयात मी नुकतीच ग्रंथपाल म्हणून रुजू झाले होते. एक विद्यार्थी पुस्तकांचा भला मोठा गठ्ठा परत करायला उभा होता आणि त्याच्यामागे एकेक पुस्तकवाल्यांची रांग दारापर्यंत गेली होती. संगणक विभागाचे सर पुढे आले आणि म्हणाले, "मॅडम, प्रत्येकाचं एकेक पुस्तक घ्या. याचंही एकेकच, पाळीपाळीने." मला राग आला. माझ्या ग्रंथालयात मला शिकवणारे हे कोण? पण रांग बघता बघता मोकळी झाली आणि गठ्ठेवालाही फारसा खोळंबला नाही. तेव्हापासून मी सरांशी भांडते, पण ऐकते त्यांचंच.

माझी मुलगी तेजल जन्मापासून ऐकू शकत नाही. ती हातांनी बोलते. मागच्या हिवाळ्यात बंगळुरूच्या एका कंपनीने तिची व्हिडिओवर मुलाखत ठेवली. म्हसावदला आमच्या घरी नेटचा भरवसा नाही, म्हणून तिला ग्रंथालयात बसवलं. तिथे नवीकोरी, वेगवान लाइन होती. तरी वरच्या मजल्यावरच्या कार्यालयातून उत्तरपत्रिकांच्या फायली चढू लागल्या आणि पडद्यावर तेजलचे हात हवेतच थबकले. आपलं चित्र अडलं तरी आवाज पोचतो. तिचं चित्र अडलं की वाक्यच तुटतं. कंपनीने भलेपणाने आणखी एक तारीख दिली, पण ही शेवटची, असंही सांगितलं.

प्राचार्य म्हणाले, याहून मोठी लाइन घेऊ. सर वर्गात प्रमाण मराठी बोलतात, पण मनातलं अहिराणीत सांगतात. मला म्हणाले, "ताई, लाइन बारीक नही शे. तुमना तो गठ्ठावाला पोऱ्या परत म्होरे उभा शे."

मोठ्या फायलींमागे अडकलेल्या लहान कामांना पाळीपाळीने वाट देणारं सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी खुलं ठेवलं आहे. सरांनी ते एका जुन्या संगणकावर चढवलं. पण तपासल्याशिवाय सर देवावरही विश्वास ठेवत नाहीत, आणि तपासायचं तर लाइन तुडुंब भरायला माणसं हवीत. सरांनी रविवारी सगळ्यांना भरीत खायला बोलावलं. मैदानात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात होती; अट एवढीच की आधी सगळ्यांनी एकदम मोबाइलवरून व्हिडिओ चढवायचे, मग पंगत. तेजल आत पुण्याच्या मैत्रिणीशी बोलत होती. तिचे हात पुन्हा थबकले. एवढ्या वेगाची वाटणी जुन्या संगणकाला झेपेना.

"मी हारनू," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "भरीत खा."

नंतर त्यांनी ते काम संगणकाच्या सगळ्या प्रोसेसरांत वाटून दिलं, रांग आपल्याच ताब्यात राहावी म्हणून लाइनचा वेग किंचित कमी धरला आणि आपली फजिती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सविस्तर कळवली. "फुकट लिधं, मंग काही परत देनं पडस," हा त्यांचा हिशोब. पुढच्या रविवारी पुन्हा भरीत झालं, आणि या वेळी हात अडले नाहीत.

तरी मुलाखतीच्या दिवशी माझा धीर सुटला. तासभर कार्यालयाचं काम थांबवा, म्हणून मी सरांना विनवलं. ते नाही म्हणाले. "दुसऱ्यांचं थांबवून तेजलचं झालं, तर मी केलं काय?" मी चिडले, रडलेसुद्धा. वर फायली चढत राहिल्या, खाली माझी लेक अखंड बोलत राहिली. आज ती बंगळुरूला त्याच कंपनीत नोकरी करते, आणि हे लिहिताना मला फार आनंद होतो आहे.

या चाचण्यांच्या निमित्ताने सर हातांची भाषा शिकू लागले. तेजल आजही त्यांना व्हिडिओवर विनोद सांगते. चित्र तत्काळ पोचतं. सर मात्र अर्थ लावून बऱ्याच वेळाने हसतात, तोवर तिचा दुसरा विनोद सुरू झालेला असतो.

सरांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांना काय शुभेच्छा देऊ, असं मी तेजलला विचारलं. तिने हातांनी सांगितलं, "माझा विनोद त्यांना लगेच कळेपर्यंत ते ठणठणीत जगोत." सरांची आजवरची प्रगती पाहता, ते शंभरी सहज ओलांडतील.