हाली आण्याचं मशीन

लग्नात सासऱ्यांनी दिलेली सायकल देऊन मी येडशीच्या भंगारवाल्याकडून एक पुरुषभर उंच लोखंडी पेटारा घेतला, तेव्हा माझ्याइतका शहाणा माणूस उभ्या मराठवाड्यात नव्हता. तो घरी न्यायला गाडीला जुंपलेल्या बैलांनी माझ्याकडं असं बघितलं, की त्यांना वाचा असती तर मी गाव सोडलं असतं. वर नाणं टाकायची चीर, खाली बोटभर नळी. कुठल्याशा नवाबाच्या टॉकीजमधली चीज आहे, मुंबईचा शौकीन मोटारीच्या मोलानं उचलील, असं भंगारवाला म्हणाला होता.

पण चीज कसली? सासरे चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेला जाताना आमच्याकडं उतरणार होते, आणि सायकल कुठंय हे विचारल्याशिवाय ते पाण्याला शिवले नसते. स्टेशनमास्तरांनी मशीनला वजनाचा काटा ठरवलं, पोस्टमास्तरांनी तिकिटांची पेटी. मुंबईच्या व्यापाऱ्यानं कळवलं, आधी चालू करून बघा, मग किंमत विचारा.

पत्र्यावर उर्दूतले तीनच शब्द शाबूत होते, 'एक आना हाली'. म्हणजे निजामाचं नाणं. नवा पैसा टाकला, तो नळीतून खणकन बाहेर. भोकाचा पैसा टाकला, तो आतच बसला. हाली आणा मात्र पंचक्रोशीत औषधालाही मिळेना. मिळणार कसा? विलीनीकरणानंतर मीच, गावचा मास्तर, दारोदार फिरून लोकांची हाली नाणी खजिन्यात भरायला लावली होती. देव्हाऱ्यातला आणा लपवणाऱ्या एका म्हातारीला तर तासभर देशभक्ती शिकवली होती. आता तिच्याच दारात गेलो.

"तुमीच नेला न्हवं, मास्तर?" ती म्हणाली. "सरकारला मागा की."

सासरे आले, पाण्याआधी सायकल विचारली. मी नवाब, मुंबई, मोटार, अडलेला आणा सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी चंची सोडली. सुपारीखाली हाली आणा होता. त्यांच्या आईनं दिलेला, म्हणून खजिन्यापासून राखलेला. माझी देशभक्ती त्या क्षणी कुठं गेली, मला ठाऊक नाही. मी तो घेऊन चिरेत सोडला.

आत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज झाला आणि नळीतून फवारा थेट त्यांच्या फेट्यावर. अत्तर. पैसे टाकून अंगावर उडवून घ्यायचं नवाबी अत्तर, पेटाऱ्याच्या पोटात इतकी वर्षं आंबलेलं. वासानं गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं.

मी म्हणालो, मामा, ओळख पटली.

"पटली," सासरे फेटा हुंगत म्हणाले. "आता माझ्या आईचा आणा काढा."

गल्ल्याची किल्ली कुणाकडंच नव्हती. मोटारीच्या मोलाचं मशीन मी लोहाराच्या घणानं स्वतः फोडलं. आणा निघाला, माझा भोकाचा पैसाही निघाला.

सकाळी तुकडे न्यायला भंगारवाला आला, तो माझ्याच सायकलीवर. सासऱ्यांनी घंटी वाजवून बघितली, चाक फिरवलं, माझ्याकडं बघितलं, आणि येरमाळ्याची वाट पायी धरली. मी चपला हातात घेऊन मागं धावलो. फेट्याच्या वासामुळं यात्रेच्या गर्दीतही ते हरवायची सोय नव्हती.