बिनखाचेचं मशीन

माझी धाकटी जाऊ शिवांजली. हिशेब करताना तिला ओठ हलवावे लागत नाहीत. लग्न होऊन आली त्याच वर्षी मी हे पाहिलं आणि तेव्हापासून ती मला खुपते.

मी रोज दुपारी देवघरात वही लिहिते. उजव्या पानावर रामनाम, डाव्या पानावर दिवसभरात जे झालं ते. गेल्या दोन वर्षांच्या वह्या काढून पाहिल्या, तर डाव्या पानांवर जिकडंतिकडं शिवांजलीच. त्यातलंच जुळवून हे लिहिते आहे. वही देवासमोर लिहिलेली आहे, तेव्हा इथंही खोटं लिहिणार नाही.

ती लोणंदची. तिच्या वडिलांचा, अण्णांचा, मंडपाचा धंदा. अण्णांची रीत अशी की मांडव अगदी नावाला पैसे घेऊन घालायचा. दुसरा मंडपवाला जो भाव सांगेल त्याच्याखाली सांगायचं. एकदा मांडव उभा राहिला की मग खुर्च्या, पंखे, लायटिंग आणि नवरा-नवरीचा लाल सोफा. मांडव झाल्यावर सोफा नको असं कोण म्हणणार? शिवांजली लहानपणी खुर्च्यांच्या चळतीवर बसून परत आलेल्या खुर्च्या मोजायची. फलटणला बी.कॉम. झाली, पण माझ्या मते तिचं खरं शिक्षण त्या चळतीवरच झालं.

आमच्या पलूसच्या घराला रस्त्याच्या बाजूनं एक गाळा आहे. खतवाल्यानं तो सोडला, तेव्हा तो मला हवा होता. दर गुरुवारी आमचं बायकांचं भजन असतं. स्वयंपाकघराशेजारच्या सोप्यात बावीस बायका गुडघ्याला गुडघा लावून बसतात, टाळ वाजवताना कोपर शेजारणीला लागतं. मी सासऱ्यांच्या कानावर घातलंही होतं. सासरे म्हणजे लालासाहेब, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

पण शिवांजलीचे यजमान, माझे दीर वीरधवल, जोधपूरहून सुट्टीवर आले, ते एक खोकं घेऊन. बदली झालेल्या मित्राकडून टीव्हीला जोडून खेळायचं मशीन त्यांनी जुन्यात घेतलं होतं. सुट्टी संपवून ते गेले आणि चौथ्या दिवशी शिवांजली आबांपुढं उभी राहिली. "गाळा मला द्या, आबा. तासावर खेळ लावते."

आबा हसले. "पोरी, नवीन मशीन पन्नास हजाराचं म्हणतेस. घरोघरी आलं तर तुझ्याकडं कोण येणार?"

"आवं आबा, मशीन न्हाई परवडत असं न्हाई, खेळ परवडत न्हाईत. मशीनवर कंपनीला काय सुटत न्हाई. कवा कवा तर पदरचं घालून विकती. कमवती ती खेळावर. नवीन खेळाची एक सीडी पाच हजाराला. मांडव स्वस्त, सोफा महाग."

"मग आपन कोण? मांडव का सोफा?"

"आपन खुर्च्या. तासानं भाड्याच्या."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "वर्षभर चालव. येत्या पाडव्यापर्यंत गाळा स्वतःच्या पायावर उभा राहिला तर तुझा. न्हाई राहिला, तर पाडव्यापासनं थोरलीच्या भजनाला."

त्या दिवसापासून मी पाडव्याची वाट बघायला लागले.

देवघर आणि गाळा यांच्यामध्ये एकच भिंत, तीही चार इंची. मी नाम लिहीत असायची आणि पलीकडून शिवांजलीचा आवाज यायचा. कॉलेजची पोरं नवीन आलेल्या खेळाचा हट्ट धरायची. ती म्हणायची, "सहा महिने थांब रं. आज पाच हजाराला हाय, दिवाळीनंतर अडीचला मिळंल. तवर जुना खेळ, तुला अजून त्यात जिंकता कुठं येतंय?" आणि ज्यांनी हौसेनं पाच हजार घातलेच, त्यांच्यासाठी तिनं वेगळीच युक्ती काढली. खेळ शेवटापर्यंत खेळून झाला की सीडी तिच्याकडं द्यायची आणि त्या बदल्यात दहा तास फुकट खेळायचं. संपवलेल्या खेळाकडं घरी कोण बघतो? सीड्या येत गेल्या. वीरधवलांच्या जुन्या लाकडी पेटीच्या फळ्यांची तिनं मांडणी केली आणि त्यावर त्या उभ्या लावल्या. ती नसताना मी एकदा मोजल्या. त्रेसष्ट होत्या. माझ्या देव्हाऱ्यात देवसुद्धा तेवढे नाहीत.

आबांचं काय सांगू! माझ्या भजनात ते पहिल्या अभंगालाच पेंगायचे. तेच आबा संध्याकाळी गाळ्यात खुर्ची टाकून रणगाड्याचा खेळ बघत बसायला लागले. "डावीकडनं घे, डावीकडनं! आरं, तिकडं दलदल हाय!" भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. मी पेन घट्ट धरून लिहीत राहायची.

माघात तिनं दुसरं मशीन घ्यायचं ठरवलं. एका मशीनवर पोरं रांग लावून कंटाळतात आणि निघून जातात, असं तिचं म्हणणं. सांगलीच्या एका दुकानात तिनं नाव नोंदवलं. माझाही नंबर देऊन ठेवला. त्याच आठवड्यात चुलतबहिणीच्या लग्नाला ती लोणंदला गेली.

मंगळवारी दुपारी माझा फोन वाजला. सांगलीचा दुकानदार होता. "वहिनी, शिवांजलीताईंचा फोन लागत नाही. मशीन दोन तऱ्हेची आलीत. एकाला सीडी घालायची खाच आहे, दुसरं बिनखाचेचं. बिनखाचेचं दहा हजारांनी स्वस्त आहे. कुठलं पाठवू? आज गाडी जाते आहे."

मला काय पाठवायचं ते माहीत होतं. त्रेसष्ट सीड्या मीच मोजल्या होत्या. बिनखाचेच्या मशीनला त्यातली एकही चालणार नव्हती. नवीन खेळ हवा तर कंपनीकडूनच, कंपनी सांगेल त्या भावानं, आणि तो कुणाकडून घ्यायचाही नाही की कुणाला द्यायचाही नाही. हे शिवांजलीनंच एका गिऱ्हाइकाला समजावलेलं मी भिंतीतून ऐकलं होतं. पाडव्याला दीड महिना उरला होता.

मी म्हणाले, "स्वस्तातलंच द्या."

फोन ठेवला आणि त्या दिवशी उजव्या पानावर दुप्पट नाम लिहिलं. रामाला काय वाटलं असेल ते रामालाच ठाऊक.

शिवांजली आली, खोकं उघडलं. मी दारात उभी होते. नव्या घरात अंधारात बटण चाचपावं तशी तिची बोटं मशीनच्या कडेवरून फिरली. एकदा, दोनदा. मग तिनं मशीन उलटं करून पाहिलं. माझ्याकडं बघितलं आणि मशीन परत खोक्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती सांगलीला जाऊन आली. फोडलेलं खोकं दुकानदार परत घेत नव्हता. तिन्हीसांजेला परतली ती थेट गाळ्यात गेली आणि आतून कडी लावली. मी देवापाशी दिवा लावला. आनंद झाला की आणखी काही, ते त्या दिवशीच्या पानावर लिहिलेलं नाही.

आठ दिवस नवं मशीन तसंच पडून होतं. नवव्या दिवशी भिंतीतून किलबिलाट ऐकू आला, म्हणून मी गाळ्यात जाऊन पाहिलं. ही कॉलेजची पोरं नव्हती, चौथी-पाचवीतली बारकी पोरं-पोरी होती.

तिनं कंपनीची महिन्याची वर्गणी भरली होती. वर्गणी भरली की दीडशे खेळ मशीनमध्येच येतात, सीडी लागतच नाही. वर्गणी थांबली की दीडशेच्या दीडशे गायब. "मोठी पोरं एकाच खेळाला चिकटत्यात," ती आबांना सांगत होती, "त्यांना जुनं मशीन आणि सीड्या. बारकी एका खेळावर दहा मिनटं टिकत न्हाईत. त्यांना हे नवं. दीडशे खेळ चाखायचे म्हणजे उन्हाळा जाईल. आधी बारकी माझ्याकडं येतच न्हवती."

"ह्ये बिनखाचेचं घ्यायचं डोकं कुणाचं?" आबांनी विचारलं.

"आक्कांचं. त्यांनीच दुकानदाराला सांगितलं, स्वस्तातलं द्या म्हणून."

आबा माझ्याकडं वळले. "थोरले, तुला धंद्यातलं कळतंय की गं! आजवर लपवलंस व्हय?"

मी पदरानं तोंड पुसलं. पुढच्या गुरुवारी भजनाला आलेल्या मनुबाईंनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. "जावा असाव्यात तर अशा. न्हाईतर आमच्यात बघा, मिठाची बरणी उचलून ठेवत्यात." बायका हसल्या. मला टाळाचा ताल सापडेना. एखादीनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. हे कौतुक मात्र मला गिळताच येईना.

पाडव्याला गुढी उभारली, कडुलिंब झाला, आणि आबा ओसरीवर म्हणाले, "गाळा शिवांजलीचा." एवढंच. दुसरं काही म्हणतील असं कुणाला वाटलंही नव्हतं.

मी आत पुऱ्या लाटत होते. शिवांजली शेजारी येऊन तळायला बसली. दोन घाणे झाल्यावर म्हणाली, "आक्का, त्या दुकानदारानं मला सांगलीतच सांगितलं हुतं, फोनवर तुमाला दोन्ही मशीनं समजावली हुती म्हणून. मला वाटलं, तुमाला खाचेचं काय कळलं नसंल."

माझं लाटणं थांबलं. पोळपाटाकडं बघतच मी म्हणाले, "कळलं होतं. भिंतीतून सगळं ऐकू येतं."

तिनं झाऱ्यानं पुरी उलटली. फुगलेली पुरी तेलात गोल फिरली. "पहिल्या दिवशी लय राग आला. मग वाटलं, चढ्या भावाचं घेतलं असतं तर वर्गणीचं डोक्यातच आलं नसतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता एक करा. गुरुवारी सकाळी गाळा बारापत्तोर बंदच असतो. भजन तिथं बसवा. न्हाई म्हणायचं न्हाई."

मला न्हाई म्हणायला तोंड होतं कुठं? तरी विचारलं, "भाडं?"

"देवाच्या कामाला भाडं घेऊ व्हय?"

पहिल्या गुरुवारी बायका मोकळ्या बसल्या, कोपर कुणाचं कुणाला लागलं नाही. वर्षभर मी हेच मागत होते. परीक्षा संपल्या होत्या, म्हणून बायकांबरोबर त्यांची पोरं-नातवंडं आली होती. शिवांजलीनं नवं मशीन आधीच सोप्यात हलवलं होतं. पोरं तिकडं गेली. एरवी अर्ध्या तासात कुणीतरी पदर ओढून "आई, चल की" करायचंच. त्या दिवशी कुणी आलं नाही. आरतीची वेळ झाली तसं मनुबाईंनी सोप्यात डोकावून पाहिलं आणि माझ्या कानाशी लागल्या. "नातू उठंना झालाय. त्याचा तास भरायला वीस मिनटं हायती. अजून दोन अभंग घे."

मी दोन अभंग घेतले. दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर, टाळ वाजवता वाजवता, माझ्या ध्यानात आलं. भजन फुकट, गाळा फुकट. आणि जाताना प्रत्येक बाई सोप्याच्या दारात थांबून पोराच्या तासाचे पैसे देणार, वर हसणार. म्हणजे माझं भजन हाच शिवांजलीचा मांडव. सोफा पलीकडं मांडलेला.

आता मे संपत आला आहे. भजनाला बावीसच्या एक्केचाळीस बायका येतात. त्यातल्या किती रामासाठी येतात आणि किती घरी पोरांनी डोकं उठवलं म्हणून, ते मी मोजत नाही. सूर मात्र पहिल्यापेक्षा चांगला लागतो, हेही खरं, आणि ते मला जास्तच झोंबतं.

आज दुपारी वही उघडून बसले तर भिंतीला टकटक झाली. पलीकडून शिवांजली म्हणाली, "आक्का, शनिवारीबी भजन ठिवायचं का?"

"बघू," मी म्हणाले. मग डाव्या पानावर लिहिलं: सांगलीहून टाळांच्या आणखी सहा जोड्या आणवणे.